‘हौस तुमची, नाव मुलांचं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

लहान मुलांना चालेल अशा, घराजवळच्या एका कॅफेविषयी मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘पौष्टिक’ हा नुसता पाटीवरचा शब्द आहे, फळांचा रस म्हणजे शेवटी साखरच, इतर गिऱ्हाइकांना शांतपणे बसायचं असतं, घरी स्वयंपाकघर असताना बाहेर न्यायचं कशाला, असं तुमचं म्हणणं. आणि शेवटी हे: ‘ताई, हौस तुमची आणि नाव मुलांचं. पूर्वीच्या आया असले लाड करत नव्हत्या.’

आधी रसाचं बोलू. ते मान्य आहे. फळ चावून खाल्लं की तंतू पोटात जातात. रस गाळला की ते चोथ्यात जातात आणि साखर पेल्यात उरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनांमध्येही रसातली आणि मधातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत धरलीय, आणि ही सगळी मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ च्या आत राहिली तर आणखी चांगलं, असं सांगितलंय. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध अजिबात नाही, कारण बॉट्युलिझमचा, म्हणजे मधातून येऊ शकणाऱ्या जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा धोका. हा मुद्दा काढलात ते बरं केलंत. इथपर्यंत आपलं भांडण नाही.

भांडण आहे ते शेवटच्या वाक्याशी. ‘ताई’ म्हणून हाक मारायची आणि त्याच दमात माझ्या आईपणावर बोट ठेवायचं, ही तऱ्हा मला चांगली ठाऊक आहे. मुद्दा पटवायचा असता तर तो रसापाशीच पटला होता. पुढचं वाक्य टोचायलाच लिहिलेलं आहे, आणि ते टोचलं.

हो, मला तिथे बसायला आवडतं. यात लपवण्यासारखं काय आहे? मूल अगदी लहान होतं तेव्हा दिवसच्या दिवस माझं कुणा मोठ्या माणसाशी धड बोलणं व्हायचं नाही. त्याच काळात आम्ही एका उपाहारगृहात गेलो. बाळ रडायला लागलं आणि वेटरनं न मागता बिल आणून ठेवलं. माझ्या ताटातलं अर्धं अजून तसंच होतं. कुणी एक शब्दही वाकडा बोललं नाही, पण त्या बिलाचा अर्थ मला कळला. त्यानंतर बराच काळ मी बाळाला घेऊन कुठे बसायचं धाडसच केलं नाही. तेव्हा मुलाची खुर्ची न सांगता ओढून देणारी जागा मिळाली, याचं मोल मला विचारा. आई चार घास निवांत खाते याला तुम्ही हौस म्हणत असाल तर म्हणा. त्या हौसेची मला लाज वाटत नाही.

आणि ‘नाव मुलांचं’? मुलांचं काय होतं ते तुम्ही टेबलाशी बसून पाहिलंय का? माझं मूल घरी हिरव्या भाजीकडे ढुंकून बघत नव्हतं. कॅफेत शेजारच्या खुर्चीतलं, याच्याहून थोडं मोठं पोर तीच भाजी हातानं उचलून खात होतं. आमच्यानं आधी नुसतं बघितलं, मग एक तुकडा बोटांनी चिरडला, वास घेतला, ठेवून दिला. पुढे कधीतरी तो तोंडात गेला. मुलं असंच शिकतात. नवा पदार्थ आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा समोर यावा लागतो, तेव्हा कुठे तो आपलासा वाटतो. अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची विभागणी मला पटते: काय, कधी आणि कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती, ते मुलानं. घरी माझा जीव त्या घासात अडकतो. तिथे अडकत नाही, म्हणून त्याचं जेवण सुटतं.

‘पूर्वीच्या आया’ म्हणालात. माझी आई त्यांच्यातलीच. तिच्या हाताशी घरात माणसं होती, बाळाला कडेवर घ्यायला कुणीतरी असायचं. माझ्या घरात ती माणसं नाहीत. एवढा फरक ध्यानात न घेता तिचं उदाहरण माझ्यावर फेकू नका. तिनं स्वतः ते कधी फेकलेलं नाही.

पाटीबद्दल. लग्नाआधी मी हॉटेलच्या किचनमध्ये काम केलंय. पौष्टिकची पाटी कशी लागते हे मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही. म्हणून तर मी पाटी वाचत नाही, प्रश्न विचारते. मोठ्यांसाठी जे शिजतं त्यातलंच मीठ घालण्याआधी बाजूला काढून देता का? की मुलांचा मेनू म्हणजे नुसतं तळलेलं आणि गोड? दोन वर्षांच्या आतल्या मुलांना जास्त साखर-मिठाचे पदार्थ आणि गोड पेयं नकोत, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. या कॅफेत मी आणखी एक पाहिलं: द्राक्षं आली ती उभी चिरून. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात बुचासारखं बसतं, आडवं कापलं तरी चकती अडकू शकते. उंच खुर्चीला दोन पायांमधून येणारा पट्टा होता, त्यामुळे मूल खाली घसरत नाही, आणि पाय टेकायला फळी होती. ही काळजी पाटीसाठी कुणी घेत नाही.

इतर गिऱ्हाइकांच्या शांततेविषयी फार लिहीत नाही. मूलही गिऱ्हाईकच आहे. दक्षिण कोरियात ‘नो किड्स झोन’ची टूम निघाली तेव्हा तिथल्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१७ मध्ये एका उपाहारगृहाच्या प्रकरणात, १३ वर्षांपर्यंतच्या मुलांना सरसकट आत न घेणं हा भेदभाव आहे, असं म्हटलं होतं. रडणाऱ्या मुलाला उचलून बाहेर न्यायची जबाबदारी पालकांची, हे मी मूळ लेखातच लिहिलंय. वाचलं असतंत तर दिसलं असतं.

घरच्या स्वयंपाकघराचं म्हणाल तर आम्ही रोज घरीच जेवतो. त्याचा हिशेब मी देणं लागत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुन्हा लिहाल तेव्हा रसाबद्दल, मिठाबद्दल, खुर्चीच्या पट्ट्याबद्दल जरूर लिहा, जमेल तितकं सविस्तर उत्तर देईन. मी कशी आई आहे याबद्दल लिहिलंत, तर मात्र उत्तराची वाट बघू नका.