खुलासा: ग्राफिक्स ड्रायव्हर ‘फोर्स’ करून बसवू नका

उबुंटू लिनक्सवर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अपडेट करताना डिपेंडन्सीची (लागणारं दुसरं पॅकेज नसल्याची किंवा न जुळल्याची) तक्रार आली, तर डीपीकेजीला (पॅकेज बसवणारी कमांड) ‘फोर्स-ऑल’ (तक्रारी बाजूला सारून बसवा) लावा, असा मेसेज फिरतोय. हे चुकीचं आहे. फोर्समुळे एररची फक्त वॉर्निंग होते; पुढच्या वेळी एपीटी (पॅकेज आणून बसवणारं उबुंटूचं साधन) तिथेच अडून बसतं. ड्रायव्हरचं कर्नल मॉड्यूल (सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालणारा भाग) आणि लायब्ररी (बाकीचे प्रोग्रॅम वापरतात तो भाग) यांची आवृत्ती तंतोतंत एकच लागते. माझ्याच मशीनवर मॉड्यूल जुनं, लायब्ररी नवी झाली आणि एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) ‘व्हर्जन मिसमॅच’ सांगून थांबलं. बरेचदा मूळ कारण म्हणजे दोन रिपॉझिटरींची (पॅकेज जिथून येतात त्या साठ्यांची) सरमिसळ. नव्या कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइल्स) नसतील तर डीकेएमएस (कर्नल बदलला की मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणारं साधन) मॉड्यूल बांधणार कशावरून? आधी ‘डीकेएमएस स्टेटस’ बघा. स्क्रीन काळी झालीच, तर ग्रबच्या (मशीन सुरू होतानाच्या मेन्यूच्या) ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका.