लिसा पडली खरी, पण तुम्ही म्हणता त्या कारणाने नाही

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. शेवटची टपली जरा जोरात बसली, पण चालायचंच! तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ॲपलची लिसा, म्हणजे त्यांचा १९८३ चा संगणक, ही झेरॉक्स कंपनीच्या कल्पनांची उचलेगिरी, त्यात गोगलगाय, किंमत अव्वाच्या सव्वा, वर्षभरात ॲपलच्याच मॅकिंटॉशने (मॅकने) तेच काम पाव किमतीत करून दाखवलं आणि उरलेल्या लिसा कचऱ्यात पुरल्या गेल्या. मग मी तिचे गोडवे का गातोय?

किंमत आणि संथपणा यांवर वादच नाही. १९८३ साली ९,९९५ डॉलर म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटावा अशी रक्कम. ५ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर धापा टाकायचा. ॲपलने स्वतः बनवलेले ८७१ केबीचे फ्लॉपी ड्राइव्ह इतके बेभरवशाचे निघाले की वर्षभरातच त्यांच्या जागी सोनीचे आणावे लागले.

पण मॅकने तेच काम केलं, हे मला पटत नाही. लिसात १ एमबी मेमरी होती, जोडीला ५ एमबीची हार्डडिस्क. अनेक कामं एकाच वेळी उघडी ठेवता यायची आणि एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या मेमरीत लुडबूड करू नये अशी सोय होती. पत्र लिहायचं तर आधी प्रोग्राम शोधायची भानगडच नाही. पडद्यावर कोऱ्या कागदांचं पॅड असायचं, त्यावर दोनदा क्लिक केलं की एक कागद फाडून समोर. बंद करायचं बटण दाबलं तर ती आधी सगळं नीट सेव्ह करायची आणि मगच बंद व्हायची. पुन्हा चालू केली की पसारा जिथल्या तिथे. १९८४ च्या मॅकमध्ये काय होतं? १२८ केबी मेमरी, एक फ्लॉपी, हार्डडिस्क नाही, एका वेळी एकच प्रोग्राम. किंमत २,४९५ डॉलरवर आली ती या काटछाटीमुळे. मेमरीचं तसं संरक्षण मॅकवाल्यांना २००१ मध्ये, ओएस एक्स ही नवी प्रणाली आल्यावर मिळालं. शिवाय पहिल्या मॅकसाठी प्रोग्राम लिहायला सुरुवातीला लिसाच लागायची, त्याचं काय करायचं?

आता झेरॉक्स. डिसेंबर १९७९ मध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज आणि मंडळी झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत जाऊन आली, ती काही मागच्या दाराने नव्हे. बदल्यात झेरॉक्सला ॲपलचे १ लाख शेअर विकत घ्यायला मिळाले होते. तिथे ॲपलचा प्रोग्रामर बिल ॲटकिन्सन याला वाटलं, पडद्यावर एकमेकींखाली अर्ध्या झाकल्या गेलेल्या खिडक्यांमध्येही चित्र बदलत राहतं. प्रत्यक्षात झेरॉक्सकडे ते जमलेलं नव्हतं. गड्याने त्या गैरसमजाच्या जोरावर ते स्वतः जमवलं! झेरॉक्सचं स्वतःचं स्टार नावाचं यंत्र १९८१ मध्ये १६,५९५ डॉलरला आलं, तेही चाललं नाही.

माझ्या मते लिसाचा घात झाला तो गिऱ्हाईक निवडण्यात. ॲपलला ती मोठ्या कंपन्यांच्या साहेबांना विकायची होती, आणि ते लोक आयबीएमचे बांधलेले. १९८३ च्या जानेवारीतच आयबीएम पीसीवर लोटस १-२-३ हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर आलं. मार्चमध्ये १० एमबी हार्डडिस्कसकट आयबीएमचाच पीसी एक्सटी आला, लिसाच्या निम्म्या किमतीत. लिसाबरोबर ॲपलचे सात प्रोग्राम होते. बाहेरच्या कुणी तिच्यासाठी आणखी लिहावेत, याची तजवीक वेळेवर झाली नाही. म्हणजे साहेबाने लोटस मागितलं की विक्रेता गप्प. त्यात घरातच सवत तयार होत होती. लिसाच्या प्रकल्पातून बाजूला काढलेले जॉब्ज मॅक घेऊन बसले होते, आणि दोन्ही यंत्रांचे प्रोग्राम एकमेकांवर चालणार नव्हते. स्वस्त भावंड येणार अशी कुणकुण असताना कोणता खरेदी विभाग दहा हजार मोकळे करील?

राहिला कचऱ्याचा मुद्दा. १९८९ मध्ये अमेरिकेच्या यूटा राज्यातल्या लोगन गावी सुमारे २,७०० लिसा पुरल्या गेल्या, हे खरं. पण उत्पादन १९८५ मध्येच थांबलं होतं, आणि उरलेला माल तिथलाच एक विक्रेता सुधारून विकत होता. करात सूट मिळते म्हणून ॲपलने तो काढून घेतला आणि खड्ड्यात घातला. हा हिशेबनीसांचा उद्योग. त्यावरून यंत्राची लायकी ठरवू नका.