छाती वाजते म्हणजे बरगडी सरकली? नाही, आणि ती ‘फोडून’ पण घेऊ नका

जिमवाल्या आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, रील पण आहेत त्याच्या. म्हणणं थोडक्यात असं की डिप्स (दोन समांतर दांड्यांवर हात टेकून अंग खाली-वर करणं) किंवा जोर मारताना छातीच्या मधल्या हाडात कट् आवाज येऊन दुखत असेल तर बरगडी सरकलीय आणि कॅल्शियम संपलंय, रोज सकाळी हात मागे ताणून छाती फोडून घ्यायची म्हणजे बरगडी जागेवर बसते, आणि वय वीस-बावीस असेल तर हार्टचं टेन्शन घेऊच नका, व्यायाम चालू ठेवा. मी ग्राउंडवर पोरांना ट्रेनिंग देतो, त्यामुळे "सर हे खरंय का" हे सारखं कोणीतरी विचारतंच. खरं नाहीये. आणि शेवटचा मुद्दा तर कोणाच्या तरी जिवावर बेतेल इतका चुकीचा आहे.

आधी बरगडी. वरच्या 7 बरगड्यांच्या जोड्या कूर्चेने (कार्टिलेज, म्हणजे मऊ लवचिक हाड) थेट मधल्या हाडाला जोडलेल्या असतात आणि त्या सांध्यांना लिगामेंट्सनी घट्ट बांधलेलं असतं, डिप्स मारून त्या अशा सहज निसटत नाहीत. बरगडी सरकण्याचा प्रकार खरंच आहे, पण तो खाली, 8 ते 10 नंबरच्या बरगड्यांमध्ये होतो, कारण त्या मधल्या हाडापर्यंत पोचतच नाहीत, वरच्या बरगडीच्या कूर्चेला चिकटलेल्या असतात. तिथे दुखतं ते पोटाच्या वर, बरगड्यांच्या खालच्या कडेला. म्हणजे मेसेजमध्ये नाव एका आजाराचं आणि जागा भलत्याच आजाराची.

मग दुखतं काय? बऱ्याचदा कॉस्टोकाँड्रायटिस, म्हणजे बरगडी आणि कूर्चा किंवा कूर्चा आणि मधलं हाड जिथे जुळतं तिथली सूज-आग, जी बाहेरून दिसत नाही. बहुतेक वेळा दुसऱ्या ते पाचव्या बरगडीपाशी. एका बोटाने दाबलं की पोरगा "आई गं" करून नेमकी जागा दाखवतो, शिंकलं, खोल श्वास घेतला, कूस बदलली तरी चमक निघते. डिप्समध्ये खाली जाताना कोपरं मागे जातात, छातीचा मोठा स्नायू पूर्ण ताणलेला असतो आणि तो त्याच हाडाला, त्याच कूर्चांना धरून ओढतो, त्यात आपली पोरं काय करतात तर भरतीची तारीख लागली की एकदम जोर, डिप्स, पुलअप्स सगळं दुप्पट. कूर्चेला रक्तपुरवठा कमी, ती सावकाश भरते, म्हणून हे दुखणं कधी काही आठवडे तर कधी काही महिने पण रेंगाळतं. त्याच जागी गाठीसारखी सूज दिसत असेल तर तो टिट्झे सिंड्रोम असू शकतो, 1921 साली टिट्झे नावाच्या जर्मन सर्जनने सांगितलेला, पण गाठ दिसली की नाव आपण ठेवायचं नाही, डॉक्टरला दाखवायची.

आता आवाज. सांध्यातल्या द्रवावरचा दाब अचानक कमी झाला की तिथे वायूची पोकळी तयार होते, 2015 मध्ये कॅनडात बोटाचा सांधा एमआरआयमध्ये ठेवून ओढला तेव्हा आवाजाच्या क्षणी हीच पोकळी उघडताना दिसली. ते बोटांवरचं काम आहे, पण छातीच्या मधल्या हाडाजवळचे बरेच सांधे पण असेच द्रव असलेले आहेत. एकदा वाजलेलं बोट लगेच परत वाजत नाही, वीसेक मिनिटं जावी लागतात. नुसता आवाज, दुखणं नाही, सूज नाही, तर सोडून द्या. पण दुखऱ्या सांध्याला रोज सकाळी मुद्दाम ताणून वाजवायचं म्हणजे जी जागा शांत व्हायला हवी तिलाच रोज डिवचायचं. दोन मिनिटं मोकळं वाटतं हे खरंय, म्हणून तर सवय लागते.

कॅल्शियमचा या आवाजाशी संबंध नाही. आणि कृपा करून व्हिटॅमिन डीची 60,000 युनिटची पुडी, जी डॉक्टर सहसा आठवड्यातून एकदा देतात, ती मनाने रोज घेऊ नका. त्याने रक्तात कॅल्शियम वाढून किडनीवर येतं.

कबड्डीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट, ही नीट वाचा. कॉलरबोनचं छातीकडचं टोक शरीरात सगळ्यात उशिरा पक्कं होतं, 23-25 वर्षांपर्यंत तिथे वाढीची कूर्चा असते. पकडीत चार जण अंगावर पडले, खांद्यावर भार आला आणि गळ्याच्या खळगीशेजारी ते टोक आत गेल्यासारखं दिसलं, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, हात सुन्न पडला, तर कोणालाही ओढू-बसवू देऊ नका, हाडवैद्याकडे तर अजिबात नको, कारण मागेच श्वासनलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. सरळ मोठं हॉस्पिटल.

आणि हार्ट. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए 2003 मध्ये 28व्या वर्षी चालू मॅचमध्ये कोसळून गेला, पोस्टमॉर्टेममध्ये हृदयाचा स्नायू जाड झाल्याचा जन्मजात आजार निघाला. डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन 2021 मध्ये 29व्या वर्षी मैदानात पडला, तो वाचला कारण लगेच सीपीआर (छातीवर जोरात दाब देणं) आणि हृदयाला विजेचा शॉक मिळाला. असं क्वचित होतं, मान्य, पण "वीस-बावीस म्हणजे सेफ" हे वाक्य कोणत्याही पोराला सांगू नका. पळताना छातीत दाब येतो आणि थांबलं की जातो, पळता पळता चक्कर येते किंवा शुद्ध जाते, धडधड होते, घरात कोणी पन्नाशीच्या आत अचानक गेलंय, यातलं एक जरी असेल तर ट्रेनिंग त्याच दिवशी बंद, आधी डॉक्टर. उंच, सडपातळ पोराला एका बाजूला अचानक कळ येऊन दम लागला तर फुफ्फुसाभोवती हवा शिरलेली असू शकते, तिथे पण वाट बघायची नाही, 108 लावा. बोटाने दाबून दुखतंय म्हणजे हार्ट नक्कीच नाही असंही समजू नका, दोन्ही एकदम असू शकतं.

वरचं धोक्याचं एकही लक्षण नाही, फक्त दाबल्यावर आणि डिप्सला दुखतंय असं डॉक्टरांनी बघून सांगितलं, तर डिप्स आणि खोल बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून वजन वर ढकलणं) बंद ठेवायचे, पळणं आणि पायाचा व्यायाम दुखत नसेल तर चालू. दुखणं उतरलं की जोर भिंतीला टेकून, मग बाकावर हात ठेवून, मग जमिनीवर, डिप्स सगळ्यात शेवटी आणि सुरुवातीला अर्धेच खाली. मध्येच दुखलं तर एक पायरी मागे.