कैरीचा तिखट सॉस आणि छुंदो : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काकू,

('काकू म्हटलेत तरी चालेल' असे आपणच लिहिले आहे, म्हणून हे संबोधन.) तळलेल्या सुरमईबरोबर वाढायच्या कैरी-आंब्याच्या तिखट सॉसवर मी लिहिलेल्या लेखाखालची आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की हा सॉस म्हणजे इंग्रजी नाव लावलेला छुंदोच (कैरीच्या किसाचे गुजराती गोड-तिखट लोणचे) आहे. माशाच्या ताटात गोड फळ आणणे कोकणातल्या माणसाला पटणारे नाही. तिखटामुळे पापलेटाची चव मारली गेली. आणि 'पंधरा दिवस टिकतो' असे मी लिहिले असूनही सहाव्या दिवशी बरणी फसफसली. यांतल्या शेवटच्या दोन तक्रारी मला मान्य आहेत, गोड फळाची अर्धी मान्य आहे आणि छुंदोची मुळीच मान्य नाही. सुरुवात छुंदोपासूनच करतो, कारण आपली बरणी का फसफसली याचे उत्तरही तिथेच आहे.

बडोद्यात वाढलेल्या मराठी घराला छुंदो नवा नाही. आमच्या घरी आई राजापुरी कैरीचा कीस मीठ-हळद लावून ठेवी, त्याच्या वजनाइतकी, कधी दीडपट साखर घाली आणि तोंडाला मलमलीचे फडके बांधलेले पातेले रोज सकाळी गच्चीवर आणि संध्याकाळी घरात, असे आठ-दहा दिवस चाले. पाक एकतारी झाला की मगच त्यात तिखट आणि भाजलेले जिरे पडे. तो छुंदो वर्षभर कपाटात राहू शकतो, याचे श्रेय उन्हापेक्षा साखरेला अधिक आहे. एवढी साखर कैरीतले पाणी धरून ठेवते आणि आंबवणाऱ्या सूक्ष्म जिवांना वाढण्यापुरते पाणी उरतच नाही. माझ्या सॉसमध्ये अर्धा किलो फळाला साखर अवघी ५० ग्रॅम आहे, म्हणजे एक दशांश. ती आंबटपणाची धार थोडी बोथट करते, पण टिकवण्याचे काम तिच्याने होत नाही. ते काम व्हिनेगर आणि फ्रिज या दोघांनी मिळून करायचे आहे.

आपण लिहिता, की व्हिनेगर घरात नव्हते म्हणून लिंबाचा रस घातला आणि बरणी छुंदोच्या शेजारीच कपाटात ठेवली. लिंबाने चव बिघडत नाही, परंतु आंबवणाऱ्या जिवांना रोखण्यात व्हिनेगरमधले आम्ल लिंबातल्या आम्लापेक्षा अधिक परिणामकारक असते. त्यात मे महिन्यातले बडोदे, पारा चाळिशीच्या वर. बरणीत पाणी भरपूर आणि साखर आंबायला पुरेल इतकीच. फसफसण्यासाठी याहून अनुकूल परिस्थिती मुद्दाम शोधूनही सापडली नसती. तरीही दोष माझा आहे, कारण 'पंधरा दिवस' हा हिशेब फ्रिजमधल्या बाटलीचा होता आणि 'फ्रिजमध्ये' हा शब्दच लिहायचा राहून गेला. आता तो घातला आहे. शिवाय १०० मिलिलिटर व्हिनेगर वगळू नये, असेही लिहिले आहे.

गोड फळाबद्दल. कोकम हे फळाचेच वाळवलेले साल आहे, बांगड्याच्या कालवणात कैरीच्या फोडी पडतात, अंबाडे आणि बिंबलेही पडतात. तेव्हा आपली हरकत फळाला नसून गोडव्याला आहे, असे मी धरतो. आमच्या भागातले पारशी 'सास नी मच्छी' करतात, तिच्यात पापलेटाबरोबर साखर, व्हिनेगर आणि हिरवी मिरची एकत्र नांदतात आणि ती लग्नाच्या जेवणातही मानाने वाढली जाते. मात्र आंबटपणा पुढे आणि गोडवा मागे, हा क्रम सुटता कामा नये. समुद्रापासून दूर असलेल्या या गावात वेरावळकडची मासळी बर्फात प्रवास करून येते आणि तेवढ्या वेळात तिला जो उग्र वास लागतो, तो आम्लाने दबतो. तळ्यातल्या रोहू-कटल्याचा मातकट वासही आंबटाने कमी होतो. कोकणात ताज्या फडफडीत मासळीला ज्याची गरज कमी भासते, ते आम्हाला हवेच असते. आपल्या हातून सॉस गोड झाला, कारण मी नुसते 'आंबे' म्हटले आणि आपण सगळे पिकलेले केसर घेतलेत. प्रमाण असे हवे होते : राजापुरी कैरी ३०० ग्रॅम, अर्धवट पिकलेला केसर २०० ग्रॅम, दोन्ही सोलून, फोडी मऊ शिजवून चाळणीतून गाळलेले. भांडे स्टीलचे घ्यावे; आंबट पदार्थ ॲल्युमिनियममध्ये उकळू नये.

तिखटाच्या बाबतीत मी खरोखरच चुकलो. 'दोन चमचे लाल तिखट' हे वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आमचा डबा होता, ज्यात रेशमपट्टो आणि काश्मिरी मिरची असते. रंग भरपूर, झणका बेताचा. आपल्या डब्यात लवंगी होती. शिवाय मिरचीतला तिखटपणा पाण्यापेक्षा तेलात सहज उतरतो, त्यामुळे ते तिखट आधी तेलात परतल्यावर त्याचा कण न् कण सॉसभर पसरला. यापुढे सहा सुक्या काश्मिरी आणि एकच लवंगी, कोमट पाण्यात भिजवून, बियांबरोबर आतल्या पांढऱ्या शिराही काढून वाटावी; झणका बियांपेक्षा त्या शिरांतच अधिक असतो.

पापलेटाविषयी आपले म्हणणे पूर्ण बरोबर आहे. 'कोणत्याही माशाबरोबर' असे मी उत्साहाच्या भरात लिहिले. हा सॉस सुरमई, रावस, बांगडा अशा दमदार माशांचा आहे, आणि त्यांनाही फक्त हळद-मीठ लावून रव्यात तळावे. मसाला लावलेल्या तुकडीवर तो पुन्हा तिखटाचा थर ठरतो. सॉस वाटीत बाजूला द्यावा. वर ओतला की रव्याचे कुरकुरीत कवच दोन मिनिटांत मऊ पडते आणि तळण्याची मेहनत फुकट जाते.

शेवटी आपण विचारले आहे, की फसफसलेला सॉस पुन्हा उकळून वापरता येईल का. तसे करू नये. तो टाकून द्यावा, बरणी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात कोरडी करावी आणि झाकणाची रबरी कडी बदलावी, कारण त्या कडीच्या खाचेत राहिलेला थेंब पुढच्या बरणीलाही आंबवतो.