भाषण मराठीतच होऊ द्या, अनुवाद कानात द्या

पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय जून २०२५ मध्ये मागे घेतले गेले, तेव्हा इथे ब्रिटनमधल्या वेल्समध्ये, कार्डिफला, आम्हा मराठी मंडळींनाही हायसं वाटलं. शाळेवर एवढं बोललो, पण सभेतल्या मराठीचं काय? मुंबईत सोसायटीच्या वार्षिक सभेत कुणीतरी ‘हिंदी में बोलिए’ म्हणतं आणि अख्खी सभा हिंदीवर जाते. त्या माणसाला कळायला हवं, हे रास्तच आहे. पण मग गळतीबद्दल सगळ्यांत जास्त सांगण्यासारखं असलेल्या तळमजल्यावरच्या आजी गप्प बसतात.

वेल्समध्ये २०२१च्या जनगणनेत वेल्श बोलणारे १७.८ टक्केच निघाले. तरी इथल्या संसदेत, सेनेदमध्ये, कुणी वेल्शमध्ये बोलू लागलं की ज्यांना ती येत नाही ते हेडफोन लावून इंग्रजी अनुवाद ऐकतात. वक्ता भाषा बदलत नाही. आइस्तेद्वोद या त्यांच्या साहित्य-संगीताच्या वार्षिक महोत्सवातही मंचावर वेल्शच असते आणि न कळणाऱ्यांसाठी अनुवादाची सोय असते. वेल्श बोलणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला इंग्रजी येतं, तरी हा खर्च होतो. आपल्या भाषेत बोलणं हा वक्त्याचा हक्क मानला आहे म्हणून. ‘हिंदी सगळ्यांनाच येते की’ या युक्तिवादाला मला याहून चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

परराज्यातून आलेल्यांनी मराठी शिकायलाच हवी, यावर मी ठाम आहे. पण शिकेपर्यंत त्यांनी सभेत नुसतं बसून राहायचं का?

अनुवादाचं हे काम सोपं नाही. ऐकता ऐकता बोलणं फार दमवतं, म्हणून लांब कार्यक्रमात दोन अनुवादक आळीपाळीने बसतात. नावं, आकडे, उद्धृतं त्यांच्या हाती आधी पडावी लागतात. ऐनवेळी अभंग आला, तर ऐकणाऱ्याच्या कानात त्याचा जेमतेम सांगाडा पोहोचतो.

आपल्याकडे हे अगदीच नवं नाही. लोकसभेत मराठी भाषणाचा अनुवाद होतो. साहित्य संमेलनात तर अध्यक्षीय भाषण आधीच छापलेलं असतं, म्हणजे अनुवादकाला लागणारा मसुदा तयारच आहे. साताऱ्यानंतर आता शंभरावं संमेलन. तिथे हेडफोन ठेवा, आणि पडद्यावर मराठी ओळीही दाखवा: ऐकू कमी येणाऱ्यांसाठी, आणि घरातली मराठी कळूनही व्यासपीठावरची निसटते अशा आमच्या इथल्या मुलांसाठी. संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाने एवढं मनावर घ्यावं.