मदत नव्हे, सावड

सप्टेंबर २०२५मध्ये सीना नदीचं पाणी सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या आमच्या गावात शिरलं, तेव्हा मी इथे इंग्लंडात, केंटमध्ये, कामावर निघाले होते. चुलतभावाचा फोन आला. "ताई, आम्ही समदी वर माळाला हाय. जनावरं सोडून दिली."

पुढचा महिनाभर गावाकडच्या आणि इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एकच वाद चालला: यंदा दिवाळी करायची की नाही? मराठवाडा, सोलापूर पाण्यात असताना आकाशकंदील लावायला मन धजतं कसं, असं काहींचं म्हणणं. सण थांबवला तर पणत्या करणारा कुंभार आणि पावसातून वाचलेला झेंडू घेऊन बाजारात बसलेला शेतकरी काय खाणार, असं बाकीच्यांचं. कळकळ दोन्हीकडे खरी होती. पण मला दुसरी एक गोष्ट जास्त सलली. पूरग्रस्तांना वाटलेल्या पिशव्यांवर नेत्यांचे फोटो छापलेले होते. त्यावर ओरड झाली आणि लगेच विझलीही. खरं तर तिथेच थांबून बोलायला हवं होतं. ज्याचं घर वाहून गेलं, त्याने कुणाचा तरी चेहरा हातात धरून धान्य घरी का न्यावं?

इथला २०२०चा नाताळ मी पाहिला आहे. २० डिसेंबरच्या रात्री फ्रान्सने कोरोनाच्या नव्या प्रकारामुळे सीमा बंद केली. हजारो ट्रक केंटमध्ये अडकले, एम-२० महामार्गावर आणि मॅन्स्टनच्या जुन्या विमानतळावर. चालक पोलंडचे, रोमानियाचे, स्पेनचे. घरी मुलं वाट पाहत होती आणि इथे जेवणाची, स्वच्छतागृहांची धड सोय नव्हती. केंटमधल्याच ग्रेव्हसेंड गावच्या गुरुद्वाऱ्यात स्वयंसेवकांनी काही तासांत शेकडो माणसांचं गरम जेवण रांधलं, छोल्यांबरोबर पास्ताही, आणि खालसा एड या शिखांच्या मदतसंस्थेच्या मंडळींनी ते ट्रकपर्यंत पोहोचवलं. गावकऱ्यांनी पुलावरून दोराला पिशव्या बांधून खाली सोडल्या. पास्ता केला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. समोरच्याच्या जिभेला काय रुचेल, याचा कुणीतरी विचार केला होता.

आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे, सावड. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. इर्जिकीला सारं गाव बैल घेऊन एकाच्या शेतात उतरायचं आणि तो सगळ्यांना जेवू घालायचा. देणारा वर आणि घेणारा खाली, असं त्यात काही नसतं. आपण परदेशातले लोक मात्र पैसे पाठवतो, पावतीचा फोटो ग्रुपवर टाकतो आणि मोकळे होतो. मीही हेच करत आले.

यावेळी भावाला आधी विचारलं. तो म्हणाला, "कपडे नकोत, साड्यांचा ढीग पडलाय देवळात. चारा पाहिजे. पोरांची दप्तरं गेली. आन् रानातली माती गेली, ती कुठनं आणायची?" आमच्या ओळखीच्या सात घरांनी मिळून चारा आणि दप्तरं पोहोचवली, गाळाची माती रानात ओढायला ट्रॅक्टरचं भाडं दिलं. सरकारचं काम आम्ही केलं, असं मुळीच नाही. ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यातला रुपयान् रुपया शेतकऱ्याच्या हक्काचा आहे आणि तो मागतच राहिलं पाहिजे. खरडून गेलेली जमीन सात घरांच्या वर्गणीतून उभी राहत नाही.

दिवाळी आम्ही केली. एक कंदील लावला आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सातही घरांतून गावाला व्हिडिओ कॉल लावला. भावाच्या दारात पणती होती, भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसत होती. माती पडलेल्या तुकड्यात त्याने ज्वारी पेरली होती.

"आता आमची पाळी," तो म्हणाला. "हुरड्याला यायचं, समद्या सात घरांनी."

जानेवारीची तिकिटं काढली आहेत.