'शोभेची बाई' : एका प्रतिक्रियेला उत्तर

इटलीच्या माजी मंत्री तीना अन्सेल्मी यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली 'एक वाचक' या नावाने आलेली प्रतिक्रिया अशी: "इकडचं तिकडचं वाचून जुळवलेला लेख. अन्सेल्मीला पक्षाने शोभेची बाई म्हणून मंत्री केलं, सत्ता आन्द्रेओत्तीच्या हातात होती. आरोग्य सेवेचं श्रेय एकटीचं नाही. गर्भपाताच्या कायद्यावर लेखिका सोयीस्कर गप्प. आणि समान वागणुकीचा कायदा १९७७ चा, १९७८ चा नव्हे."

(आन्द्रेओत्ती म्हणजे इटलीचे तेव्हाचे पंतप्रधान.) वर्षाची चूक माझीच. कायदा क्रमांक ९०३, ९ डिसेंबर १९७७. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

पण बाकीचं ज्या सुरात लिहिलंय, तो सूर मला मान्य नाही. ८९ वर्षांचं आयुष्य जगून २०१६ मध्ये गेलेल्या बाईंना 'अन्सेल्मीला', 'एकटीचं' असं एकेरीत? माझ्यावर राग असेल तर माझ्यावर काढा.

आता 'शोभेची बाई'. हे दोन शब्द तुम्ही सहज टाकलेत, मला त्यांनी दोन दिवस झोप लागू दिली नाही.

सप्टेंबर १९४४, उत्तर इटलीतलं बासानो देल ग्राप्पा. नाझी-फॅसिस्टांविरुद्ध लढताना पकडलेल्या ३१ बंडखोरांना रस्त्याकडेच्या झाडांना फाशी दिलं गेलं आणि शाळेतल्या मुलामुलींना रांगेने नेऊन ते दाखवलं. त्या मुलींत १७ वर्षांच्या तीना होत्या. दहशत बसावी म्हणून दाखवलं होतं. ही मुलगी थोड्याच दिवसांत 'गाब्रिएल्ला' या टोपणनावाने सायकलवरून बंडखोरांचे निरोप पोचवू लागली. पकडली गेली असती तर काय होतं, ते तिने झाडांवर पाहिलेलं होतं. युद्धानंतर कापड कामगारांच्या संघटनेत काम, मग प्राथमिक शिक्षिकांच्या. १९६८ पासून खासदार. कामगार खात्यातच उपमंत्री. आणि मग जुलै १९७६ मध्ये त्याच खात्याच्या मंत्री, इटलीतली पहिली महिला मंत्री. ज्या खात्याची खडान्‌खडा माहिती आहे, तिथे बसवलेली बाई शोभेची कशी?

बरं, समजा पक्षाने शोभेसाठीच बसवलं. माझं म्हणणं असं की कशासाठी बसवलं हे बसवणाऱ्यांना विचारा. बसलेल्या बाईने काय केलं, ते कायद्यात बघा.

मी एका सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात एकोणीस वर्षं हजेरीपट लिहिला. रिलिंग (सुताच्या लडी करण्याच्या) खात्यात बायका होत्या आणि पटावर त्यांची संख्या कायम तीस असायची. एकतिसावी घेतली की तेव्हाच्या फॅक्टरी कायद्याप्रमाणे पाळणाघर काढावं लागायचं, म्हणून एकतिसावी यायचीच नाही. नाव मीच लिहायची, म्हणून मला ठाऊक. कामगार संघटनेच्या कमिटीत 'एक तरी बाई असू दे' म्हणून मला घेतलं, तेव्हा पहिल्या बैठकीत माझ्या हातात चहाचा ट्रे दिला गेला. तिसऱ्या बैठकीला मी तो हजेरीपट टेबलावर ठेवला. पाळणाघर व्हायला चार वर्षं लागली, पण झालं. मलाही मागून 'शोभेची' म्हणत होते. त्यामुळे हा शब्द कोण, कधी आणि कशासाठी काढतो, हे मला शिकवू नका.

अन्सेल्मींच्या ९०३ क्रमांकाच्या कायद्याने भरतीत आणि पगारात बाई-पुरुष भेद करायला बंदी घातली. शिवाय आईऐवजी बापालाही मुलासाठी रजा घेण्याची मुभा दिली. १९७७ साली! मूल म्हणजे फक्त आईच्या हजेरीतला खाडा, असं समजणाऱ्या मालकांना तो धक्का होता. ती तरतूद वाचताना माझ्या डोळ्यांपुढे रिलिंगच्या तीस बायका उभ्या राहिल्या. हे 'इकडचं तिकडचं वाचून' येत नाही हो.

आरोग्य सेवेचं श्रेय एकट्या अन्सेल्मींचं, असं मी कुठे लिहिलंय? राष्ट्रीय आरोग्य सेवा उभारणारा डिसेंबर १९७८ चा ८३३ क्रमांकाचा कायदा आला तेव्हा त्या आरोग्यमंत्री होत्या, एवढंच लिहिलं. गर्भपाताला परवानगी देणाऱ्या कायद्यावर त्यांची सही आहे, त्या श्रद्धाळू कॅथलिक असूनही. तो विषय वेगळा आणि मोठा आहे, इथे फाटे फोडत नाही.

सत्ता आन्द्रेओत्तींच्या हातात होती म्हणता. मग १९८१ मध्ये लिचो जेल्लीच्या 'पी-टू' या गुप्त संघटनेच्या ९६२ नावांच्या यादीत मंत्री, सेनाधिकारी, हेरखात्याचे प्रमुख सापडले, तेव्हा चौकशी समितीचं अध्यक्षपद इटलीच्या लोकसभेच्या अध्यक्षा नील्दे योत्ती यांनी अन्सेल्मींनाच का दिलं? योत्ती तर विरोधी, कम्युनिस्ट पक्षाच्या. शोभेच्या बाईकडे कोणी असलं काम सोपवत नाही. १९८४ पर्यंत त्यांनी ते नेटाने केलं, स्वतःच्याच पक्षातल्यांची नाराजी पत्करून.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. 'पी-टू'वर सविस्तर लेख पुढच्या आठवड्यात टाकते आहे. त्यातही वर्ष चुकलं तर जरूर सांगा. मात्र खऱ्या नावाने लिहा, आणि त्यांना 'अन्सेल्मीबाई' म्हणा.